खांद्याच्या वर

मी नगरपालिकेचा शिपाई. बावीस वर्षं सभागृहात हात मोजतोय. ठराव वाचला की सदस्य हात वर करतात, मी मोजून आकडा ओरडतो, हेडक्लार्क लिहितो. त्याचं लिहून होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. आणि हात खांद्याच्या वर पाहिजे, नाहीतर मोजायचा नाही.

हा नियम आमच्या ताईनंच आणला. एक सदस्य हात कानापर्यंत न्यायचा आणि अंगाशी आलं की म्हणायचा, "मी कान खाजवत होतो." त्याचं नावच पडलं अर्धाहात. शेवटी ताई कडाडली, "करायचा तर पुरता वर करा, नाहीतर मांडीखाली घालून बसा!" ताई माझी थोरली बहीण. शिवणकाम करते आणि तळ्याकाठच्या वॉर्डातून निवडून येते.

त्या दिवशी तिचा ठराव होता. शहराचा कचरा तळ्याकाठी टाकायचा नाही, एवढाच. अहो, आम्ही तेच पाणी पितो! पण तिथली जागा नगराध्यक्षांच्या धाकट्या भावाची, आणि ती त्याला पालिकेच्या गळ्यात मारायची होती. सदस्य अकरा. सहा आमच्या बाजूनं, पाच त्यांच्या. ताईचा हात कमी झाला की पाच-पाच, मग नगराध्यक्षांचं जादा मत, आणि खेळ खलास.

आता माझी अक्कल ऐका. आदल्या दिवशी धाकट्यानं मला टपरीवर चहा पाजला. "ताईंचे गुडघे दुखतात म्हणे. जिना कसा चढतात हो?" मी फुशारून म्हणालो, "मागच्या जिन्यानं येते. तिथल्या पायऱ्या बसक्या आहेत." जीभ झडायला हवी होती माझी.

सभा अकराची. पाच मिनिटं कमी असताना मागच्या जिन्यावरून किंकाळी आली. मी दाराचा अडसर उपसला आणि धावलो. ताई जिन्याच्या वळणावर पडली होती. दोघं होते, लोखंडी पाइप घेऊन. एकानं तिचा उजवा हात पायरीवर बुटाखाली दाबला होता, दुसरा हाणत होता. डावा कोपरातून आधीच भलतीकडे वळला होता. त्यांना जीव घ्यायचा नव्हता, हात घ्यायचे होते. मी अडसर फिरवला. पहिल्याचा जबडा फुटला, दात पायऱ्यांवरून टणटण खाली गेले. दुसऱ्यानं पाइप माझ्या बरगडीत घातला. मी त्याचं डोकं कठड्यावर आपटलं, पुन्हा आपटलं, तो मऊ पडला तरी आपटतच होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

"पुरे," ताई म्हणाली. "मला वर ने."

"दवाखान्यात नेतो."

"आधी सभा."

लहानपणी ती मला उचलायची, तशी मी तिला उचलली आणि खुर्चीत नेऊन बसवली. टेबलावर रक्त ठिबकायला लागलं. हेडक्लार्कनं कसाबसा ठराव वाचला. पाच हात वर गेले. अर्धाहातचासुद्धा पुरता वर होता. ताईचे दोन्ही हात मांडीवर पडून होते.

"पाच," नगराध्यक्षच म्हणाले. "खांद्याच्या वर पाहिजे ना? त्यांचाच नियम आहे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "उजवा उचल."

"ताई, हाड बाहेर आलंय गं."

"दिसतंय मला. उचल."

"दुसऱ्यानं उचललेला चालणार नाही!" नगराध्यक्ष ओरडले.

"हात माझा, मत माझं," ताई म्हणाली. "कुणी उचलायचा ते नियमात नाही. वर पाहिजे, एवढंच आहे."

मी मनगट धरलं. आत हाडावर हाड घासलेलं माझ्या बोटांना कळलं. ताई अशी ओरडली की अर्धाहात रडायला लागला, पण हात त्यानं खाली घेतला नाही. मलाही राहवेना.

"ताई, मागचा जिना मीच सांगितला त्यांना."

"माहितीये. आणखी कुणाला ठाऊक होता? मोज."

"सहा!" मी ओरडलो.

हेडक्लार्कनं टोपण काढलं. पेन उमटेना. त्यानं ते झटकलं, पुन्हा टेकवलं. ताईचं रक्त माझ्या बाहीत उतरत होतं.

"घेऊ का खाली?" मी विचारलं.

तिनं डोळे मिटले होते. "त्याचं लिहून होऊ दे," ती म्हणाली.