दहिवलीचा मुक्काम

उज्वला महिन्यातून दोनदा, शनिवारी, शिळफाट्याहून स्कूटीवर दहिवलीला आईकडे जायची आणि दर वेळी दिवेलागणीच्या आत परत फिरायची. खालापूरच्या एका सरकारी कार्यालयात ती कारकून होती. शनिवार-रविवार सुट्टी, मुलगी पुण्याला शिकायला, घरी नवरा रत्नदीप एकटा आणि समजूतदार. म्हणजे राहायला तशी काहीच अडचण नव्हती. हे तिच्या आईलाही ठाऊक होतं.

चार वाजले की चंद्राबाईंचं सुरू व्हायचं. "आज र्‍हा ना गं उजू. उद्या तर ऐतवार हाय."

"नको आई, ह्यांची नाइट आहे. सकाळी पाणी भरायला कोणी नाही."

कधी पाणी, कधी ऑफिसचं काम, कधी शेजारचं बारसं. सहा वर्षांत सगळी कारणं देऊन झाली होती. आता तीच फिरून फिरून यायची, आणि चंद्राबाई ती दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखी मान हलवायच्या.

खरं कारण एकच होतं. उज्वला घोरायची. साधंसुधं नाही, दार लोटून घेतलं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असं.

सहा वर्षांपूर्वी नेरळला चुलतबहिणीच्या, अक्षदाच्या, लग्नाला सगळे मुक्कामी होते. बायका हॉलमध्ये ओळीनं गाद्यांवर झोपल्या. सकाळी उठून उज्वलानं मोबाइल बघितला, तर घरच्या ग्रुपवर तिचाच व्हिडिओ. तोंड उघडं, पदर कुठल्या कुठे आणि तो आवाज. खाली कुणी लिहिलं होतं, 'घाटात ट्रक चढतोय'. तिच्या भावजयीनं, मेघानं, लिहिलं होतं, 'ताई आल्या की आम्हाला कोंबडा लागत नाही.' त्याच हॉलच्या दुसर्‍या टोकाला पुरुषमंडळी रात्रभर घोरत होती, आणि त्यांत सगळ्यात चढा आवाज केतनचा, म्हणजे मेघाच्याच नवर्‍याचा. त्याचा व्हिडिओ कुणी काढला नाही. उज्वलानंही खाली एक हसरा चेहरा टाकला. पण त्या दिवसानंतर ती कुणाच्या घरी रात्र राहिली नाही.

दहिवलीचं घर दोन खोल्यांचं. आत केतन, मेघा आणि त्यांची दोन मुलं. बाहेर आई. मधलं दार पावसाळ्यात फुगलेलं, ते पुरतं लागत नसे. कोरोनाच्या दुसर्‍या लाटेत बाबा, काळूराम, गेले, तेव्हासुद्धा उज्वला रोज सकाळी येऊन रोज संध्याकाळी परतली होती. ते तिला आजही खुपायचं.

आणि तिला हवं काय होतं, तर आईच्या रात्रीच्या गप्पा. लहानपणी दिवा मालवला की दोघी एका गोधडीवर पडायच्या. दिवसभर 'भांडी घास', 'पाणी आण' एवढंच बोलणारी आई अंधारात वेगळीच व्हायची. स्वतःच्या माहेरचं बोलायची, उल्हास नदीला पूर आला तेव्हाचं, शाळा सुटली त्या दिवसाचं. सांगता सांगता मध्येच हसायची. तशी आई दुपारी भेटायची नाही. दुपारी टीव्ही असायचा, मुलं असायची, मेघाची ये-जा असायची.

डिसेंबरातल्या एका शनिवारी उज्वला गेली, तर बाहेरच्या खोलीत खिडकीखाली नवाकोरा पलंग. वर जाड फोमची गादी, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.

"कुणाला गं हा?"

"तुला," चंद्राबाई म्हणाल्या. "आता तुमी हापिसातली मानसं. खाली निजायची सवय नाय र्‍हायली. घर लहान हाय, ते काय मी मोठं करू शकत नाय. पलंग तरी आनला. आता र्‍हाशील ना?"

आईनं सहा वर्षं हा अर्थ लावला होता! लेकीला नोकरी लागली, लेकीला माहेरचं घर लहान वाटायला लागलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी नक्की," आणि साडेपाचला स्कूटी काढली. पळसदरीच्या पुढे रस्त्याकडेला थांबून तिनं हेल्मेट काढलं आणि तिथंच रडून घेतलं.

घरी आल्यावर तिनं रत्नदीपला सांगून टाकलं, "मला घोरणं बंद करायचंय. काहीही करून."

"मला काय त्रास नाय त्याचा," तो म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही. मला आईकडे झोपायचंय."

रत्नदीप कंपनीत मशीनदुरुस्तीला होता. कुठलीही गोष्ट मोजून बघायची त्याला सवय. त्यानं मोबाइलवर रात्रभराचं घोरणं टिपणारं अ‍ॅप घेतलं आणि फ्रिजवर कागद चिकटवला. एका वेळी एकच वस्तू, प्रत्येक वस्तूला चार रात्री, असं ठरलं.

पहिली नाकावर लावायची पट्टी. धावणारे खेळाडू लावतात तशी. नाकपुड्या ओढून धरते, श्वास मोकळा वाटतो. सर्दीत उज्वलाला तिनं बरं वाटलं असतं, पण आवाज मुळी नाकातून येतच नव्हता. कागदावर रत्नदीपनं लिहिलं, 'फरक नाही. सकाळी नाक लाल.' मग नाकपुड्यांत अडकवायची सिलिकॉनची रिंग. ती दुसर्‍याच रात्री निघून पडली आणि सकाळी चादर झटकताना सापडली.

तिसरा हनुवटीचा पट्टा. तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा. आरशात बघून उज्वला स्वतःच हसली; दाढ दुखणार्‍या पेशंटसारखी दिसत होती. तोंड बंद राहिलं हे खरं, पण आवाज बंद तोंडातून येत राहिला, थोडा दबून. शिवाय गुदमरल्यासारखं होऊन ती दोनदा उठून बसली.

मग रत्नदीपनं तिच्या जुन्या गाउनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घातला. उताणं वळलं की चेंडू टोचतो आणि माणूस कुशीवर होतो. ह्यानं मात्र फरक पडला. कुशीवर असेपर्यंत अ‍ॅपमधला आलेख खाली यायचा. पण चौथ्या रात्री चेंडूचीही सवय झाली आणि ती चेंडूवरच उताणी झोपली.

सगळ्यात जास्त आशा तिला दातांत धरायच्या साच्याची होती. गरम पाण्यात मऊ करायचा, चावून आपल्या दातांचा आकार द्यायचा. मग तो खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतो आणि जीभ मागे पडत नाही. पहिल्या रात्री आवाज निम्म्यावर आला. उज्वला पहाटे मोबाइल हातात घेऊन आलेख पुन्हा पुन्हा बघत होती. पण सकाळी जबडा इतका दुखायचा की भाकरी चावेना, उशी लाळेनं ओली. आठवडा काढला. जमेना.

कार्यालयातल्या छायाताईंनी तिला जेवणाच्या सुट्टीत मान टाकून झोपलेली बघितलं आणि विचारलं, "तू दिवसापण अशी पेंगतेस, उठल्यावर डोकं दुखतं का गं?"

"रोज."

"मग दुकानातल्या वस्तू कशाला गोळा करतेस? आधी डॉक्टरला दाखव."

कर्जतला कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सगळ्या वस्तूंची यादी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, "नाक बंद असेल त्याला पट्टी चालते. जबडा मागे पडत असेल त्याला साचा. तुमचं दुखणं कुठं आहे ते न बघताच तुम्ही औषध शोधत होता." एक रात्र घरीच बोटाला आणि छातीला यंत्र लावून झोपायला सांगितलं. त्यात कळलं की उज्वलाचा घसा झोपेत मिटत होता. तासाला पंचवीस-तीस वेळा श्वास अडत होता. घोरणं म्हणजे त्या मिटत्या घशातून वाट काढणार्‍या श्वासाचा आवाज. रत्नदीप कागद हातात धरून बसून राहिला. "आणि मी म्हणत होतो, मला काय त्रास नाय," तो हळूच म्हणाला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून मशीन आलं. डब्याएवढं यंत्र, लांब नळी, तोंड-नाक झाकणारा मास्क. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवायचा. पहिले तीन दिवस उज्वला रात्रीतून ते काढून फेकायची. चौथ्या दिवशी मास्कचे पट्टे ढिले केले, दाब हळूहळू वाढेल असं बटण सापडलं, आणि पाचव्या सकाळी रत्नदीपनं कागदावर मोठ्ठं शून्य काढलं. त्या दिवशी डोकं दुखलं नाही. ऑफिसात फायली भराभर हातावेगळ्या झाल्या. त्या आनंदात असतानाही तिच्या मनात एकच होतं, येता शनिवार.

शनिवारी चार वाजले, पाच वाजले. चंद्राबाई काहीच बोलल्या नाहीत. पलंगाच्या वेळेनंतर त्यांनी 'र्‍हा' म्हणायचं सोडलं होतं. सहा वाजता उज्वला म्हणाली, "आई, मी राहतेय आज." चंद्राबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. "काय म्हनलीस?" त्यांनी तीनदा वदवून घेतलं आणि मग लगबगीनं सुकट भाजायला घेतली.

जेवणं झाली, मुलं आत गेली. उज्वलानं पिशवीतून मशीन काढून पलंगाशेजारी ठेवलं. मास्क बघताच चंद्राबाई भिंतीला सरकल्या.

"हे काय गं? हे तर दवाखान्यात त्यांना लावलं व्हतं तसं हाय." त्या म्हणाल्या. "तुला काय झालंय? मला सांगत नाय तुमी कुनी."

"काही झालं नाही आई. मी घोरते." इतकी वर्षं दडवलेलं वाक्य इतकं छोटं निघालं. "खूप घोरते. म्हणून राहत नव्हते. घर लहान म्हणून नाही गं."

चंद्राबाई भिंतीपासून पुढे सरकल्या. "घोरतेस म्हनून?"

"मेघाला, मुलांना त्रास नको. सगळे हसले होते."

"अगं येडे..." चंद्राबाई म्हणाल्या. उज्वलानं मशीन सुरू करून आईचा तळवा मास्कपुढे धरला. नुसती वार्‍याची झुळूक. "बघ. हवाच आहे." चंद्राबाईंनी बराच वेळ हात तसाच ठेवला.

दिवा मालवला. पलंग दोघींना अरुंद होता, तरी त्या एका गादीवर पडल्या. उज्वलाला खूप बोलायचं होतं. पण मास्कमध्ये तोंड उघडलं की हवा फसकन बाहेर यायची आणि शब्द कळायचा नाही. तिनं एकदा प्रयत्न केला, चंद्राबाई दचकल्या, मग हसल्या. "तू नको बोलू. मीच बोलते."

आधी त्या वालाच्या पिकाचं बोलल्या. मग शेजारच्या सोनाबाईचं. आणि मग ज्याविषयी चार वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या ते बोलायला लागल्या. दिवसा विषय निघाला की उज्वलाच 'आई, रडू नको' म्हणून तो बंद करायची. आज तिला तसं म्हणता येत नव्हतं.

"शेवटाला त्या नर्सनी मोबाइल धरला व्हता त्यांच्यापुढं. आठवतं? तुमी सगळी बघत व्हता. ते काय तरी बोलले. पन तोंडावर असलंच हे. मला आयकूच आलं नाय. मी हा हा म्हनलं. न आयकता हा म्हनलं, उजू. मी मागनं लय इचार केला. मला वाटतं, जेवलीस का म्हनत व्हते. घरात शिरले की पयलं तेच इचारायचे. दुसरं काय असंल?"

उज्वलाचे डोळे मास्कच्या कडेनं वाहत होते. तिनं अंधारात आईचा हात शोधला आणि दाबला.

"मी जेवले व्हते," चंद्राबाई म्हणाल्या. "ते सांगायचं र्‍हायलं."

त्यानंतर त्या किती वेळ बोलत होत्या, उज्वलाला कळलं नाही. तिला झोप लागली.

सकाळी मेघा चहा घेऊन आली आणि पायरीवर तिच्याजवळ बसली. "ताई, रात्री तुमचा काहीच आवाज नाही. मी तर वाट बघत होते." मग कपाच्या कानाशी चाळा करत म्हणाली, "तो व्हिडिओ... मी तसं लिहायला नको होतं."

"जाऊ दे," उज्वला म्हणाली. पण लगेच वाटलं, हे एवढ्यावर सोडू नये. "मला लागलं होतं, मेघा."

मेघानं मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "तुमचा भाऊपण घोरतो. त्याला काय घ्यावं? तुम्ही बरंच वापरून बघितलं असेल ना?"

"पट्टी घेऊ नको, पट्टा तर मुळीच नको. पाठीला चेंडू शिवून बघ आजच्या आज. साचा त्याच्या जबड्याला जमेल कदाचित. पण आधी मला सांग, झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबतो का?"

"थांबतो. मला वाटायचं, तेवढाच वेळ जरा शांत झोपतोय."

"मग येत्या आठवड्यात त्याला घेऊन ये. मी डॉक्टरांची वेळ घेते."

आठ वाजून गेले. एरवी पाचला उठणार्‍या चंद्राबाई अजून झोपल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, संथ श्वास घेत. मेघा उठवायला निघाली तर उज्वलानं तिला अडवलं आणि रत्नदीपला फोन लावला. "मला यायला उशीर होईल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आई झोपलीय."