आबांच्या जागी इनेसची आई

कासारवाडीच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत पुस्तक उघडण्याची पद्धत नव्हती. तरीही १९७६ च्या नोव्हेंबरात तिने परदेशी संस्कृतीचा गौरव करण्याचे ठरवले.

मूळ विनंती अगदी लहान होती. एका कारखान्यात यंत्रजोडणीसाठी आलेल्या मेक्सिकन अभियंत्याची पत्नी, इनेस, सचित्र मासिके चाळायला येई. तिची आई त्या वर्षी तिकडे वारली होती आणि इनेसला अंत्यदर्शनही घडले नव्हते. तिच्या देशात नोव्हेंबरच्या आरंभी मृतांसाठी टेबल मांडतात. त्यावर फोटो, झेंडू, आवडीचे जेवण, पाणी आणि मीठ. त्या दिवशी गेलेले माणूस भेटायला येते, अशी त्यांची श्रद्धा. कंपनीच्या अतिथिगृहात मेणबत्ती लावायलाही मनाई होती, म्हणून तिने आमच्या ग्रंथपाल झुलेखाबाईंकडे एका टेबलापुरती जागा मागितली.

गोष्ट अध्यक्ष साहेबरावांच्या कानावर गेली. त्यांना त्याच कारखान्याच्या उपाहारगृहाचे कंत्राट हवे होते. टेबलाचा तत्काळ 'लॅटिन अमेरिकन संस्कृती महोत्सव' झाला आणि कारखान्याचे व्यवस्थापक प्रमुख पाहुणे झाले.

मी चिटणीस. तंत्रनिकेतनात शिकलेला, म्हणून झेंडूच्या कमानीसाठी सळई वाकवण्याचे काम माझ्याकडे आले. कमान मी ओळंबा लावून सरळ उभी केली. इनेसने तिच्याखाली आईचा फोटो, पाण्याचा पेला आणि मिठाची बशी ठेवली व ती जेवण आणायला गेली.

तेवढ्यात साहेबराव आले. "ही बाई कोण?"

"इनेसची आई. वारली," झुलेखाबाई म्हणाल्या.

"अहो, शुभकार्यात मेलेल्या माणसाचा फोटो? आमच्या आबांचा लावा तिथं."

"आबाही वारलेत, साहेबराव."

"ते संस्थापक आहेत!"

मरणानंतरही हुद्दा टिकतो, ही माहिती मला नवी होती. "त्या मुलीला आपण शब्द दिलाय," मी म्हणालो.

"राव, तुम्ही सळई बघा."

इनेसची आई पुस्तकांच्या कपाटावर गेली. कमानीखाली आबांच्या मिशा विराजमान झाल्या.

इनेस पातेले घेऊन परतली, तेव्हा सभा सुरू झाली होती. ती कमानीसमोर थबकली. कोणीतरी तिच्या हातातले पातेले घेतले, कोणीतरी तिला खुर्चीत बसवले. साहेबरावांनी भाषणात मेक्सिकोला ब्राझीलच्या शेजारी नेऊन ठेवले, तेथील जनता सदैव नाचत असते असे सांगितले आणि उरलेला वेळ आबांना दिला. इनेसला बोलायला सांगावे, हे कोणाला सुचले नाही.

मागे कागदी बशा फिरू लागल्या होत्या. कणसाच्या पाल्यात बांधून उकडलेले मक्याचे उंडे तिने आईसाठी केले होते. मंडळींनी तो अल्पोपहार समजला. खजिनदार सोनबा पाल्यासकट खात होते. "अळूवडीच की ही," ते म्हणाले, "जरा चिवट आहे, एवढंच." व्यवस्थापक दोन घास खाऊन, मनगटावरचे घड्याळ पाहून निघून गेले.

इनेसने रिकामे पातेले पाहिले. मग ती उठली. झुलेखाबाईंनी काही न विचारता कपाटावरचा फोटो काढून तिच्या हाती दिला. ती व्यासपीठावर गेली, तिने कमानीखालून आबांना उचलले आणि दोन्ही हातांनी साहेबरावांपुढे धरले.

हा आपला सत्कारच, असे साहेबरावांना वाटले. त्यांनी वाकून नमस्कार केला व वडिलांना छातीशी धरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांतच इनेसने आईला कमानीखाली ठेवले.

पाणी आणि मीठ तेवढे शिल्लक होते. त्यांत खाण्यासारखे काही नसल्याने कोणी हात लावला नव्हता. तिने पेला फोटोजवळ सरकवला आणि पिशवीतून आणलेली मेणबत्ती लावली.

"जेवण संपलं गं," झुलेखाबाई हळूच म्हणाल्या.

"पानी है," इनेस मोडक्या हिंदीत म्हणाली. "बहुत दूर से आएगी. पहले पानी माँगेगी."

साहेबराव अजून आबांना धरून उभे होते. "साहेब कुठं गेले?" त्यांनी मला विचारले. "निदान त्यांचा फोटो तरी काढला ना?"

मी मेणबत्ती विझू नये म्हणून खिडकी लावून घेतली.