हिंदुराव मास्तरांचा शब्द

सन तीसच्या पावसाळ्यात बारामतीच्या दारूगुत्त्यापुढं स्वराज्याच्या चळवळीचं पिकेटिंग चाललं होतं, गिऱ्हाइकांना दारातच अडवत होते. तिथं वर्गातल्या जोतीरामावर पडणारी पोलिसाची काठी सावळारामानं आपल्या मनगटावर झेलली. हाड मोडलं. उजवा हात गळ्यात बांधून तो शाळेत आला, तेव्हा हिंदुराव मास्तरांनी त्याला वर्गापुढं उभं केलं.

"पोरांनो, नागरिक कसा असतो ते बघा!"

कळसच्या महारवाड्यातून शिकायला आलेला, भागूबाई आत्याकडं राहणारा सावळाराम त्या शब्दानं फुलून गेला. मास्तरांचा राज्यकारभाराचा तास त्यानं कधी चुकवला नव्हता. मास्तर सांगायचे, "राज्य आभाळातून पडत नाही. ते माणसांच्या करारावर उभं असतं. ज्याला विचारलंच नाही, त्याला तो करार कसा बांधील? अन्यायाचा नियम मोडावा, उघड मोडावा आणि शिक्षा भोगावी."

शाळेच्या रांजणाला हात लावायची मात्र सावळारामाला बंदी होती. शिपाई वरून ओतील तेव्हा ओंजळ धरायची. शिपाई नसला की तहान मारायची.

एकदा तास सुटल्यावर त्यानं मास्तरांना गाठलं.

"मास्तर, रांजणाचा करार कुनी केला? मला तर कुनी इचारलं न्हाय. उद्या मी माझ्या हातानं पानी घेनार हाय."

मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घे. मी शेजारी उभा राहीन."

आत्याला धास्ती वाटली. "पर मास्तर हाईत म्हंतोस ना? मंग जा बाबा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सावळारामानं डाव्या हातानं तांब्या बुडवला. पहिला घोट घशाखाली उतरतोय तोच गिल्ला झाला. पोरं अंगावर धावली. कुणी त्याची टोपी उडवली. जोतीराम पुढं झाला आणि पाणी बाटलं म्हणून त्यानं लाथेनं रांजण कलंडवला.

सावळारामानं मास्तरांना शोधलं. ते ओसरीवर, हेडमास्तरांच्या पाठीमागं उभे होते.

"ही अक्कल तुला कुणी दिली?" हेडमास्तर गरजले.

सावळारामानं कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं हिंदुराव मास्तरांकडं पाहिलं. मास्तरच घाईनं म्हणाले, "मी पुस्तकातलं शिकवतो, साहेब. कुणी भलता अर्थ काढला तर मी काय करू?"

हाड मोडलं तेव्हा सावळारामाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आता डोळे घळाघळा वाहू लागले.

सांजेला मास्तरांनी त्याला कालव्याच्या कडेला बोलावून घेतलं. "माफी माग, शाळेत नाव राहील. आपल्यात फूट पडली तर सरकारचंच फावेल. आधी स्वराज्य येऊ दे."

"त्या करारात तरी आमाला इचारनार का?"

मास्तर धोतराचा सोगा सावरत राहिले.

"तुमी न्हाय म्हनाला असता, तरी मी पानी घेतलं असतं," सावळाराम म्हणाला. "मार खाल्ला असता. पर तुमी व्हय म्हनाला, म्हनून मी मागं वळून बघितलं."

त्यानं माफी मागितली नाही. शाळेतून नाव कमी झालं. पुण्यात छापखान्यात राबत, रात्रशाळेत शिकत तो पुढं मॅट्रिक झाला. ते कळल्यावर मास्तरांनी माणसाकरवी शाबासकी धाडली. सावळारामानं त्या माणसाला चहा पाजला, गावाकडची खुशाली विचारली, आणि मास्तरांसाठी काही निरोप न देता त्याला वाटेला लावलं.