ह्यूबर्ट स्कार्फच्या घरातलं चित्रीकरण

ह्यूबर्ट स्कार्फ गेल्यानंतर काही वर्षांनी लंडनहून टीव्हीवाले आमच्या खाडीकाठच्या गावात आले. एवढा नावाजलेला संगीतकार. त्याच्या आयुष्यावर त्यांना माहितीपट काढायचा होता. त्याची बायको म्यूरियल माझी शेजारीण. मला वाटलं, ती दारच उघडणार नाही. पण तिनं सगळ्यांसाठी बेदाण्यांचा केक भाजला.

दिग्दर्शिका फिलिपा तरुण होती, उत्साही होती. मी तिथेच होते तेव्हा तिनं विचारलं, "मिसेस स्कार्फ, घरात दिवसभर सूर घुमत असतील ना?"

"छे! पियानोला तो हातसुद्धा लावायचा नाही. वरच्या खोलीत टेबलाशी बसायचा. मला ऐकू यायची ती पेन्सिल. घरात रेडिओ नाही, काही नाही. आवाज खपायचा नाही त्याला."

फिलिपा हसली. म्यूरियल हसली नाही.

ह्यूबर्टचं काम करायला लीड्सचा मॉरिस नावाचा नट आला होता. त्याला बोलायचं काहीच नव्हतं. ह्यूबर्टचा कोट घालून बांधावरून पाठमोरं चालायचं, बस. मधल्या वेळात तो म्यूरियलच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, बटाटे सोलून द्यायचा, तो उतरला होता तिथल्या घरमालकिणीच्या नकला करायचा. म्यूरियलचं हसू मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू यायचं. इतक्या वर्षांत ते मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एकदा ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "डोरीन, त्यानं मला विचारलं, तुम्हाला काय आवडतं? मला पटकन सांगताच येईना गं."

त्याच आठवड्यात ती शहरात जाऊन केस सेट करून आली.

"काय गं, हिरॉइन केलं की काय तुला?" मी चिडवलं.

"गप बस," ती म्हणाली आणि लाजली.

मग काम संपलं. गाड्या गेल्या, बागेत चाकांच्या खुणा राहिल्या.

शरद ऋतूत माहितीपट लागला तेव्हा ती बघायला माझ्याकडे आली. चांगला पोशाख करून आली होती. पडद्यावर मॉरिसची पाठ दिसली आणि ती पुढे सरकून बसली. तिची स्वतःची मुलाखत क्षणभरच दिसली. "तो फार शांत माणूस होता," एवढंच वाक्य ठेवलं होतं. मग ह्यूबर्टचं संगीत सुरू झालं. भरून आल्यासारखं, थांबता थांबेना.

"हे त्यानं आमच्या घरात लिहिलं?" तिनं विचारलं.

"हो, असंच सांगतायत."

"किती माया आहे गं यात." ती पडद्याकडेच बघत होती. "मग खाली का नाही आणलं कधी?"



संपल्यावर तिनं माझ्याच फोनवरून मॉरिसला फोन लावला. पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "कोण स्कार्फ?... अच्छा, खाडीवाल्या बाई! कशा आहात?" तो प्रेमानं बोलला, पण मागून कुणीतरी त्याला तालमीला हाका मारत होतं. तिनं फोन ठेवला.

"कामात आहे बिचारा," ती म्हणाली. मी जेवायला थांब म्हटलं, तर घरी कोबी उकडून ठेवलाय म्हणाली.

हिवाळ्यात इप्सविचला ह्यूबर्टच्या संगीताची मैफल होती. मला न सांगता ती एकटीच बसनं जाऊन आली. परतताना पावसात सापडली, म्हणून वाटेत माझ्याकडे शिरली.

"कशी झाली?"

"छान झाली. शेजारची बाई रडत होती. मी तिला रुमाल दिला."

"तू कोण ते सांगितलंस?"

"नाही गं. तिनं त्याचं सगळं ऐकलंय म्हणे. तीच मला सांगत होती, तो कसा होता ते." म्यूरियल वाकून ओले बूट सोडायला लागली. "मी ऐकत होते. बरं सांगत होती."

नाड्यांच्या गाठी फुगून घट्ट बसल्या होत्या. तिला सुटेनात, म्हणून मी खाली बसले आणि सोडून दिल्या.