खाणीत फुंकलेली शिट्टी

आमच्या चांद्याजवळच्या खाणीत वाटेल ते करा, पण शिट्टी वाजवायची नाही. शिट्टीनं धरतीमाय जागी होते आणि अंगावरचं पांघरूण झटकते, असं सारे मानत. पांघरूण म्हणजे आमच्या डोक्यावरचं छत! सन बावन्नात खाणींचा नवा कायदा आला, त्यामागून नवा साहेब आला, आणि त्यानं आणलं काय? शिट्ट्याच! छताला लाकडी खांबांचा टेकू देणं माझं काम, म्हणून पहिली शिट्टी माझ्याच गळ्यात पडली. छत बोलू लागलं, म्हणजे करकरू लागलं, की फुंकायची, ऐकणाऱ्यानं हातचं टाकून बाहेर पळायचं, असा हुकूम.

माझा थोरला भाऊ लटारू तिथंच कोळसा भरायचा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. सर्वांदेखत तो गरजला, "नथ्या, खदानीत शिट्टी फुकशील तं थोबाड फोडीन!"

आता साहेबाचं ऐकावं की भावाचं? मी शिट्टी अंगातल्या बंडीच्या खिशात लपवली.

पोळा झाल्यावर एका सकाळी मी खांब ठोकत होतो. पुढं कोपऱ्यात लटारूभाऊ आणि त्याचा जोडीदार इसरू पाट्या भरत होते. एकाएकी एक खांब करकरला. मग दुसरा. मानेवर माती सांडली.

"भाऊ, निंग बाहेर! छत येऊन राह्यलं!"

"पाटी भरून येतो ना!"

छत रोजच कुरकुरतं, त्यासाठी अर्धी पाटी कोण टाकतो? तेवढ्यात खांब वाकला. गेला माझा भाऊ!

मग मी देव पाहिला नाही की धर्म. शिट्टी काढली आणि जीव खाऊन फुंकली.

काय सांगू तुम्हाला! पाट्या दणादण आपटल्या. "मेलो रे बाप्पा!" म्हणत इसरू सुसाट सुटला. त्याच्यामागून हात उगारून लटारूभाऊ, "थांब नथ्या, आज तुले सोडत नाई!" मी पुढं, तो मागं. मी पळता पळता फुंकतच होतो, तो आणखी चिडावा म्हणून!

मागं धडाड आवाज झाला. धुळीचा लोट अंगावर आला. धूळ बसली तेव्हा पाहतो तर कोपऱ्याच्या जागी नुसते दगड. भाऊ बघतच राहिला. उगारलेला हात तसाच वर.

मग त्यानं ती थप्पड मारलीच. सणसणीत, कानाखाली! आणि लगेच मला छातीशी आवळून ढसाढसा रडू लागला.

"मार भाऊ, आनखी मार!" मी म्हणालो. आनंदानं मला हसू आवरत नव्हतं. मारायला माझा भाऊ जिवंत होता.