पूर्ण एक मिनिट

दीड वर्षाच्या पोराला कडेवर घेऊन बाप दवाखान्यात आला आणि म्हणाला, "सिस्टर, चांगलं जालीम औषध द्या."

पोराला नुसती सर्दी होती. मी त्याचा सदरा वर केला. "श्वास मोजा. पूर्ण एक मिनिट."

अर्ध्या मिनिटातच बाप थांबला. "सतरा. दुप्पट चौतीस."

"गणित नकोय मला. पुन्हा मोजा."

तोंड वाकडं करून त्याने मोजले. छत्तीस.

"जालीम काही मिळणार नाही. पोरगं शांत झोपलं की मोजत जा. चाळीस झाले की तडक इकडे या."

"औषधाऐवजी कामाला लावलं," असं पुटपुटत तो गेला.

तिसऱ्या दिवशी तो रांग मोडून माझ्या टेबलाशी आला. "बावन्न. झोपेत. तीनदा मोजले."

मी कुणाच्या मोजणीवर विसंबत नाही. मला एक्कावन्न आले. एकासाठी वाद घातला नाही. न्यूमोनिया होता, पण बापाने पोराला वेळेत आणलं होतं.

मी पोराला औषधाचा पहिला डोस पाजत होते, तेव्हा बाप रांगेतल्या एका आईला दरडावत होता, "अर्धं मिनिट चालणार नाही, ताई. पूर्ण मोजा."