हस्तिदंती रंगाची पारख

हॉलसाठी नांदेडहून मागवलेला डिझायनर रंग निवडायला मला महिना लागला. दोन कंपन्यांची शेडकार्डं शेजारी धरून मी कॉलनीत भेटेल त्याला हस्तिदंती आणि मोतिया यांतला फरक समजावत होतो. रत्नम्मा म्हणायची, "मला बघायला आलात तवा चहा संपायच्या आत हो म्हणालात." बायकोला रंगातलं काही कळत नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

हॉल रंगवून झाला आणि रात्री मला भिंत फिकी वाटली. वैजनाथ पेंटर चाकूरचा, वीस वर्षं आमच्या लातूरच्या कॉलनीत काम करणारा. त्याला एका शब्दानं न विचारता मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'वैजनाथने भारीच्या डब्यात साधा रंग मिसळला. सावध राहा.' शेजारच्या राजशेखरने लगेच आपल्या नव्या घराचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.

सकाळी वैजनाथ आला. भांडला नाही. मागच्या भिंतीवर दोन पट्टे ओढले, रत्नम्माला साक्षीला उभं केलं आणि पट्टे वाळल्यावर मला बोलावलं.

"अप्पा, यातला भारीचा कोणता, सांगा."

मी चष्मा लावला. दोन्हींवरून हात फिरवला. "डावा. कसा लोण्यासारखा लागतोय."

"डावा संडासासाठी आणलेला साधा हाय," रत्नम्मा म्हणाली. "माझ्यासमोर ओढलाय."

माझे कान तापले. वैजनाथ हळूच म्हणाला, "शेडकार्ड तुम्ही उन्हात बघितलं, भिंत ट्यूबलाइटात बघितलीत. तेवढं ग्रुपवर लिवा अप्पा. राजशेखर सायबाचं काम परत मिळालं न्हाई तर मला पावसाळ्यापर्यंत दुसरं न्हाई."

"लिहितो," मी म्हणालो. तो ब्रश धुऊन गेला.

मी लिहिलं, 'चूक माझी होती. मलाच रंग ओळखता आला नाही.' महिनाभर ज्यांना शिकवलं ती सगळी माणसं डोळ्यांपुढे आली. पुसलं. मग लिहिलं, 'वैजनाथशी बोलणं झालं. विषय मिटला.'

पहिलं उत्तर राजशेखरचं आलं. 'वेळेवर सांगितलंत अप्पा. मी दुसरा पेंटर ठरवला.' पाठोपाठ कुणीतरी लिहिलं, 'असल्यांना धडा शिकवायलाच पाहिजे.'

अजूनही खरं लिहिता आलं असतं. मी त्याखाली जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं.